सव्वा तासावरचं घर

४ जून, रविवार

घर पक्कं केलं. खाली दोन खोल्या, वर एक. परसात सफरचंदाचं झाड आहे, म्हणजे घरमालक म्हणाला सफरचंदाचं. सध्या नुसतंच झाड आहे. पुढच्या खिडकीतून नदी, मागच्या खिडकीतून डोंगर. भाडं शहरातल्या फ्लॅटच्या निम्म्याहून कमी. घरमालक निघताना गालात हसत होता. मीही हसत होतो. दोघांपैकी एकजण नक्की गंडलाय आणि तो मी नाही.

बायकोला यायचं नव्हतं. तिची माणसं, तिचं पडद्या-गाद्यांच्या दुकानातलं काम, सगळं शहरात. दोन दिवस रडली. मग डोळे पुसून अट घातली: सहा महिने, डिसेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. त्यात मी आठवड्यातून निदान चार दिवस संध्याकाळी सातला जेवायला घरी पाहिजे. नाहीतर गाशा गुंडाळून परत. डोंगराकडे बघत एकटीने पोर वाढवायला मी लग्न केलेलं नाही, असंही म्हणाली.

मला हसूच आलं. रेल्वेच्या वेळापत्रक विभागात एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळेची अट! ऑफिस ते स्टेशन पाच मिनिटं, गाडी अठ्ठावन्न, हॉल्ट ते घर बारा. सव्वा तास. ५.४० ची गाडी पकडली की ६.५० ला घरात. आज स्वतः घड्याळ लावून आलो, मिनिटाचाही फरक नाही.

शहरातला फ्लॅट सहा महिने मेहुण्याकडे. मागच्या खोलीत आमची खोकी. तो म्हणाला, दाजी, खोकी फार आत ढकलत नाही. खवचट आहे.

संकल्प: १) पहाटे पाचला उठणे. २) भाजीपाला घरचाच. ३) नदीकाठी रोज तीन किलोमीटर. ४) चिडचिड बंद.

१२ जून, सोमवार. सकाळी ७.०५

गावातून ऑफिसला जाण्याचा पहिला दिवस. हॉल्टवरच्या बाकावर बसून लिहितोय. हवा कशी, कोरी करकरीत! ती बघा गाडी आली.

सकाळी ७.१४

गाडी गेली. थांबली नाही.

तिकीट खिडकीतल्या मावशी बाहेर आल्या. म्हणाल्या, अहो, ती हिरवी पाटी दोरीने वर ओढायची असते. पाटी दिसली तरच ड्रायव्हर थांबतो. मी ओढणारच होते, पण तुम्ही इतके ऐटीत बसला होतात, वाटलं हवा खायला आलात. मी खिशातलं वेळापत्रक काढून दाखवलं: ७.१०, हे बघा. त्यांनी बोट ठेवलं. वेळेपुढे एक चांदणी आहे. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात: प्रवासी असल्यासच.

चांदणी माझीच. अक्षरही मीच बारीक करायला लावलं होतं, एका पानाचा कागद वाचावा म्हणून. तेव्हा कौतुक झालं होतं.

पुढची गाडी ९.४० ला.

१३ जून, मंगळवार

संध्याकाळी घरी ८.०५. कारण माझ्या हातातलं नाही. गाडी अर्ध्या वाटेत बाजूच्या लाइनवर उभी केली, एक्स्प्रेस पुढे जाऊ द्यायला. रविवारी एक्स्प्रेस नसते, इतर दिवशी असते. कागदावर चौदा मिनिटं थांबायचं, पण एक्स्प्रेसच उशिरा आली तर ती येईपर्यंत. गार्डला झापलं, हा असला नियम कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला? तो म्हणाला, वरून आलाय, चार वर्षं झाली.

चार वर्षांपूर्वी मीच. टिपणात लिहिलं होतं: या मार्गावरील प्रवाशांना विशेष घाई नसते. निर्णय योग्यच होता. मी तेव्हा प्रवासी नव्हतो.

कन्येने (वय नऊ) स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलंय. बाबा सातला घरी आले की त्या चौकोनात हिरवा गोल स्टिकर. स्टिकर तिनेच लावायचा. कोणी स्वतः लावला तर धरायचा नाही, असा नियम. माझ्यावर गेलीये.

२० जून, मंगळवार

मावशींशी थोडी बाचाबाची. त्या खिडकीत बसून अंडी विकतात आणि मधूनमधून तिकिटं. मला म्हणाल्या, साहेब, तुमच्याकडे नोकरीचा फुकट पास आहे ते कळलं, तरी रोज एक तिकीट फाडत जा. पास वहीत लागत नाही, तिकीट लागतं. हॉल्टची हजेरी बरी दिसते.

मी त्यांना समजावलं, की पास असताना तिकीट काढणं म्हणजे यंत्रणेची दिशाभूल. आकडा खरा पाहिजे. आकड्यावर आमचं सगळं खातं चालतं. वीसएक मिनिटं समजावलं. त्या अंडी मोजत होत्या. शेवटी म्हणाल्या, बरं.

गावात मला प्रेमाने ‘सव्वा तास’ म्हणतात असं दिसतंय. मी दुकानात शिरलो की कोणीतरी म्हणतं, आले सव्वा तास. आपलेपणा आहे लोकांत. शहरात अठरा वर्षं राहिलो, खालच्या मजल्यावरच्याने कधी साधं टोपणनाव दिलं नाही.

३० जून, शुक्रवार

जूनचे स्टिकर: तीन. पैकी दोन रविवारचे. रविवार धरायचा का यावर बायकोशी चर्चा. तिने नुसतं बघितलं.

माझं म्हणणं तिला लिहून दिलं. सात म्हणजे काय? सात हा एक सुमार असतो. शिवाय ‘घरी’ याचा अर्थ ‘गावात’ असा घ्यायला हरकत नसावी. कन्या म्हणाली, बाबा, गावात वाढलेलं नसतं, घरी वाढलेलं असतं.

पहाटे पाचला उठणे: जुलैपासून.

९ जुलै, रविवार

टोमॅटोची बारा रोपं लावली. कंबर धरली. शेजारचा सुतार कुंपणावरून बघत होता. म्हणाला, रोपं उलटी नाहीत ना एवढं बघा. विनोदी माणूस.

त्याच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या खुर्च्यांच्या गाद्या शिवायला कोणी नाही. बायकोने एक शिवून दिली. बिचारीला इथे करमत नाही, त्यापेक्षा बरं. मी परवानगी दिली. म्हणजे विचारलं नव्हतं तिने, पण दिली.

२ ऑगस्ट, बुधवार

घरी ८.२०. जेवण झाकून ठेवलेलं. कन्या झोपलेली. तिच्या वहीत ‘माझे घर’ हा निबंध. नदी आहे, डोंगर आहे, आई आहे, सुतारकाकांचं कुत्रं आहे. मी शेवटच्या ओळीत: माझे बाबा रेल्वेत असतात.

दोनदा वाचलं. मग म्हटलं, वाक्य व्याकरणाने बरोबर आहे.

१६ ऑगस्ट, बुधवार

टोमॅटो गोगलगायींनी खाल्ले. गोगलगाय ताशी काही मीटर चालते आणि तरी माझ्याआधी टोमॅटोपर्यंत पोचते. तीन रोपं वाचली, ती बायकोने कुंडीत हलवली होती म्हणून. तिला लाल टोमॅटो आले. शेवटी रोपं माझीच.

घरात आता सात खुर्च्या आहेत, सगळ्या लोकांच्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन. नदी दिसायची ती खिडकी मशीनने अडवलीय. उजेड लागतो म्हणे.

नदीकाठी तीन किलोमीटर: एकदा गेलो. कुत्रं मागे लागलं, त्यामुळे प्रत्यक्षात चार झाले.

१ सप्टेंबर, शुक्रवार

ऑगस्टचे स्टिकर: चार. आलेख चढता आहे.

बायको गप्प असते. ही चिडण्याची पुढची पायरी, अठरा वर्षांत मला पाठ झालीय. डिसेंबरला तीन महिने उरले. गाव सोडावं लागलं तर काय, हा विचार आज गाडीत डोक्यातून जाईना. मला हे घर आवडतं. सकाळी सहाला डोंगरावर ढग बसलेला असतो, तो मला आवडतो. मी त्याला रोज घाईघाईत बघतो, एक हात बाहीत घालताना, पण बघतो.

काहीतरी करायला पाहिजे. आणि ते कोण करू शकतं? सबंध रेल्वेत एकच माणूस.

११ सप्टेंबर, सोमवार

सुचलं!

साहेबांनी विचारलं होतं, आपल्या लाइनवर वेळ कुठे वाचेल? मी तासाभरात उत्तर मांडलं. बारीकसारीक हॉल्ट गाळले तर ५.४० ची गाडी एक्स्प्रेसच्या आधीच पुढे निसटेल. बाजूला उभं राहायला नको. म्हणजे पुन्हा अठ्ठावन्न मिनिटं, सगळे दिवस! म्हणजे ६.५० ला घर!

साहेब म्हणाले, कोणते गाळायचे? मी म्हटलं, नियम करू. गेल्या तीन महिन्यांत रोजची सरासरी पाच तिकिटांपेक्षा कमी असेल तो हॉल्ट गाळायचा. आणि यादीत नावं नकोत, नुसते नंबर. नाव दिसलं की माणूस हळवा होतो, कोणाची आत्या तिथे राहते, कोणाचं आजोळ तिथलं. नंबराला आत्या नसते. साहेब म्हणाले, तुम्ही फार कोरडे आहात हो. मी मान लववली.

१८ सप्टेंबर, सोमवार

मावशींनी विचारलं, हॉल्ट बंद करणार असं कानावर येतंय, खरं का? त्यांचा आवाज जरा हललेला. अंडी काय, कुठेही विकेन, म्हणाल्या, पण शिकणारी पोरं कशी जातील, सुताराचं लाकूड कसं येईल? मी त्यांच्या खिडकीवर हात ठेवून सांगितलं, मावशी, मी त्या खात्यात बसलोय तोवर या हॉल्टला कोणी बोट लावणार नाही. त्यांनी मला दोन अंडी फुकट दिली.

एक घरी पोचलं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

यादी आली. अकरा नंबर. कारकून म्हणाला, साहेब, एकदा नजर घाला. मी म्हटलं, नियम माझा, वही तुझी, नजर कशाला? सही ठोकली. गाडी पकडायची होती.

तरी घरी ७.५०.

९ ऑक्टोबर, सोमवार

बायकोला बातमी दिली: एक डिसेंबरपासून रोज ६.५०. तिने टाचणी तोंडात धरून हुं केलं. मी म्हटलं, सहा महिन्यांचा निकाल देताना नुसते मागचे स्टिकर मोजू नकोस, पुढचे मोज. ती म्हणाली, बाजूला व्हा, उजेड अडतोय.

ती आता दर शनिवारी सुताराच्या गाडीतून शहरात खुर्च्या पोचवायला जाते. सुताराची बायको आणि ती पुढे, कन्या आणि कुत्रं मध्ये. मला मागे खुर्च्यांत बसायला जागा आहे म्हणाली. मी वेळापत्रकाशी एकनिष्ठ आहे.

पहाटे पाचला उठणे: थंडी संपल्यावर.

६ नोव्हेंबर, सोमवार

हे लिहायचं नव्हतं. पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.

संध्याकाळी हॉल्टवर उतरलो तर वीस-पंचवीस माणसं. इतकी माणसं इथे एकदम कधी पाहिली नव्हती. तिकीट खिडकीशेजारी नोटीस. दुरूनच कळलं: थांबा बंद, एक डिसेंबरपासून. माझं डोकंच फिरलं. गर्दीत घुसून म्हणालो, कोणत्या गाढवाचं काम आहे हे? पोरांनी शिकायला कसं जायचं? उद्याच्या उद्या ऑफिसात जाऊन त्या माणसाला असा उभा-आडवा घेतो की बघा! सही कोणाची आहे?

मावशींनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. जसं चांदणीवर ठेवलं होतं.

सही झोकदार आहे माझी. दुरूनही वाचता येते.

आपला हॉल्ट म्हणजे नंबर सत्तावीस. मला ठाऊकच नव्हतं. एकोणीस वर्षांत नंबर बघायची वेळच आली नाही, मी नेहमी नावाने उतरतो.

मावशींनी तिकिटांची वही पुढे केली. तीन महिन्यांची सरासरी ४.३. मी तिथेच उभ्या उभ्या मनात बेरीज केली, सवयच आहे. मी आठवड्याचे पाच दिवस एकेक तिकीट काढलं असतं तर ०.७ वाढले असते. बरोबर पाच. पाच म्हणजे पाचपेक्षा कमी नव्हे.

मावशींनी वही मिटली आणि खिडकीत जाऊन बसल्या. चांगले चार शब्द सुनवायला हवे होते त्यांनी. मला बरं वाटलं असतं.

७ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांना भेटलो. नंबर सत्तावीस वगळा म्हणालो. साहेब म्हणाले, का? मी म्हटलं, तिथे माझं घर आहे. साहेबांनी चष्मा काढला. नंबराला आत्या नसते, असं तुम्हीच म्हणाला होतात, म्हणाले. वेळापत्रक छापून झालंय.

अर्ज दिला. पुढच्या वर्षी विचार होईल.

१५ नोव्हेंबर, बुधवार

दुकानात शिरलो. कोणीतरी म्हणालं, आले सत्तावीस. याच्यात आपलेपणा थोडा कमी वाटला.

रोज एक तिकीट काढतो. परवा चार काढली. मावशींनी चारही नीट फाडून दिली आणि म्हणाल्या, आता वही परत मागवलीय हो साहेब.

१ डिसेंबर, शुक्रवार

नवं वेळापत्रक सुरू. ५.४० ला गाडी सुटली. बाजूच्या लाइनवर उभी राहिली नाही. एक्स्प्रेस मागेच राहिली. मी दारात उभा, घड्याळ हातात.

६.३८. बरोबर अठ्ठावन्न मिनिटं. सहा महिन्यांत पहिल्यांदा, कामाच्या दिवशी, मिनिटाचाही फरक नाही.

हॉल्ट आला आणि गेला. पाटी खाली होती, दोरी गुंडाळून ठेवलेली. मग वळणावरून आमचं घर दिसलं. पुढच्या खोलीत दिवा. बायको मशीनवर वाकलेली, कन्या जमिनीवर बसून कुत्र्याला काहीतरी वाचून दाखवत होती. मी हात हलवला. कुत्र्याने बघितलं.

पुढचं स्टेशन चौदा किलोमीटरवर. तिथून दूधवाल्याच्या गाडीतून परत, घरी ८.१५. मी मुद्दा मांडला, की सातच्या आत मी घरासमोर होतो, याला दोन साक्षीदार आहेत, माझं घड्याळ आणि कुत्रं. कन्येने स्टिकरचं पाकीट हातात घेतलं, बराच वेळ विचार केला आणि परत ठेवलं. सॉरी बाबा, म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, बरोबर केलंस.

३ डिसेंबर, रविवार

निकालाचा दिवस. सकाळीच तयारीत बसलो. ठरवलं होतं, मनाचा मोठेपणा दाखवायचा. म्हटलं, मी हरलो. उद्यापासून बांधाबांध. तुझं मन मी सहा महिने इथे कोंडलं, आता परत शहरात.

बायकोने टाचण्या डबीत ठेवल्या. म्हणाली, कोण परत चाललंय?

म्हणाली, पोरीला शाळा आवडलीय. माझ्याकडे मार्चपर्यंत चाळीस खुर्च्यांचं काम आहे. माझं इथे जमलं. तुमचंच जमेना, तर तुम्ही जा. माझ्या भावाशी बोललेय, मागची खोली मोकळी करतोय. रविवारी या, सकाळची बस आहे, पावणेतीन तास लागतात.

मी म्हटलं, हे घर मी शोधलं. ती म्हणाली, हो, छान शोधलंत. आणि हे ती मनापासून म्हणाली, टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग जवळ येऊन शर्टाची कॉलर सरळ केली. म्हणाली, तुम्ही दर संध्याकाळी पडक्या चेहऱ्याने येता आणि झाकलेलं जेवता, ते मला बघवत नाही हो. स्वतः तरी वेळेवर जेवा.

डोंगरावर ढग होता. आज पहिल्यांदा निवांत बघितला.

११ डिसेंबर, सोमवार

मेहुण्याकडची मागची खोली. खोकी खरंच फार आत ढकललेली नव्हती. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. ऑफिस चालत बारा मिनिटं.

काल गावाला जाऊन आलो. निघताना कन्येने उरलेल्या स्टिकरचं पाकीट माझ्या खिशात कोंबलं. बाबा, तिकडे लागतील, म्हणाली.

संकल्प: १) हॉल्टच्या अर्जाचा पाठपुरावा, दर सोमवारी. २) पहाटे पाचला उठण्याची आता गरज नाही.

घरी पोचलो ५.४२. सातला पान वाढून घेतलं. मेहुणा साडेनवाशिवाय जेवत नाही, टीव्हीसमोर होता. त्याला विचारलं, स्वयंपाकघरात एक कॅलेंडर टांगू का? तो म्हणाला, टांगा की दाजी, पण कशाला?

टांगलं. आजच्या चौकोनात हिरवा स्टिकर लावला. मीच लावला, त्यामुळे धरायचा नाही.